तळच्या मडक्यातला हिशोब

तालुक्याच्या वाचनालयात एखादं पुस्तक किती वाचलं गेलं हे कळायला वाचकाला विचारावं लागत नाही. पुस्तक उलटं करायचं आणि मागच्या पुठ्ठ्याला डकवलेली तारखांची चिठ्ठी बघायची. आमच्याकडे ‘स्वामी’च्या प्रतीला अशा चिठ्ठ्या एकीवर एक डकवून पुठ्ठा फुगला होता. ‘श्रीमान योगी’ची बांधणी तीनदा करून झाली होती. त्यात नवल नाही, महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचनालयात हेच दिसेल. मला नवल वाटायचं ते खालच्या फळीवरच्या ‘धग’ या कादंबरीचं. काउंटरवर येऊन ‘धग आहे का हो’ असं विचारणारं माणूस वर्षातून एखादं. पण पुस्तक जागेवर कधी सापडायचं नाही. ते एकीच्या नावावर जायचं, दुसरीच्या घरी मुक्काम करायचं आणि मुदत उलटून महिना झाला की तिसरीच्याच पिशवीतून, मेथीच्या जुडीखालून, परत यायचं. त्या पुस्तकाचा दंड भरताना कुणी कुरकुर केल्याचं आठवत नाही.

परत आलेलं पुस्तक झटकून घ्यायची मला सवय होती. खुणेला घातलेलं काहीबाही त्यातून पडायचं. एसटीचं तिकीट, लग्नपत्रिकेचा तुकडा, लेकराच्या वहीचं पान. एकदा ‘धग’मधून किराणाची यादी पडली. तेल, तूरडाळ, चहापत्ती, साबण, साखर, खोबरेल. पुढे रकमा आणि खाली बेरीज. बेरीज बरोबर होती, पण तेवढे पैसे नसावेत, कारण शेवटच्या दोन ओळींवर काट मारून खाली पुन्हा बेरीज मांडली होती. साखर आणि खोबरेल गेलं होतं. साबण ठेवला होता. अक्षरावरून यादी कुणाची ते मी ओळखलं, आणि तरी ती तिला परत दिली नाही, हा माझा अपराध. कागद अजून माझ्याकडे आहे.

तुमच्या हातातलं पुस्तक त्या कागदापासून सुरू झालं असं मी म्हटलं तर ज्यांनी ते लिहिलं आहे त्या बाया रागावतील. त्यांचं म्हणणं, पुस्तक त्यांच्या दुसऱ्या शनिवारापासून सुरू झालं. वाचनालयाच्या नियतकालिकांच्या खोलीत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी त्या जमतात. एक कादंबरी ठरवतात, सगळ्या आळीपाळीनं वाचतात, मग प्रत्येकीनं पानभर लिहून आणायचं. निवृत्त शिक्षिका आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, एकीचं शिवणाचं दुकान आहे, दोघी शेतात जातात आणि शनिवारची रोजंदारी बुडवून येतात. सुरुवात त्यांनी राजेरजवाड्यांच्या कादंबऱ्यांनी केली होती. वर्षभरात वाचन कुणी न ठरवता खेड्यातल्या, गेलेल्या काळातल्या, संसाराचा गाडा एकटीनं ओढणाऱ्या बाईकडे वळलं आणि तिथून हललंच नाही. त्याच टिपणांची ही निवड आहे. प्रस्तावना मी लिहावी असं ठरलं, कारण मी ग्रंथपालपदावरून निवृत्त झाले आहे आणि म्हणून रिकामी आहे असा त्यांचा समज आहे.

मराठी कादंबरीच्या घरात ही बाई पहिल्यापासून आहे. आपली पहिली कादंबरी म्हणतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, आणि तिचा विषय विधवांचे हाल हा आहे. ऐतिहासिक कादंबरी त्यानंतर चौदा वर्षांनी आली, गुंजीकरांचं ‘मोचनगड’, १८७१. तिच्या नावातच गड आहे. तिथून दोन फळ्या वेगळ्या झाल्या. एका फळीवर गड, तलवारी, खलिते, दुसऱ्या फळीवर बाईचं दुःख. हरिभाऊ आपट्यांनी तर दोन्ही फळ्या एकट्यानं भरल्या. ‘उषःकाल’ही त्यांचंच आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ही त्यांचंच. पण त्या दुसरीतल्या यमूच्या घरात इतिहास आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नसावं. तिचं दुःख ‘सामाजिक’ या खात्यावर टाकलं गेलं आणि ते खातं आजही वाचनालयांच्या नोंदवहीत तसंच चालू आहे.

तिसरी फळी लवकर विसरली गेली. सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी १८८८ साली ‘बळीबा पाटील’ लिहिली, आणि ती १८७७ च्या दुष्काळावरची आहे. म्हणजे दुष्काळ होऊन जेमतेम दहा-अकरा वर्षं झाली असताना कुणीतरी त्यावर कादंबरी लिहायला बसलं होतं. तो दुष्काळ साधा नव्हता. मद्रास आणि मुंबई इलाख्यात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, आणि सरकारी कामावरच्या मजुरांना दिवसाला एक पौंड धान्य पुरतं की दीड पौंड लागतं यावर साहेबलोक वाद घालत होते. त्यांतल्याच रिचर्ड टेंपलनं एक पौंड पुरतं असं ठरवलं. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्या मजुरीवर काम करायला नकार देऊन कामं सोडली. बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी. त्या पौंडभर धान्यातलं कोण किती खाणार हे घराघरात कुणी ठरवलं असेल? साहेबाच्या अहवालात ते नाही. मला कायम वाटत आलं आहे की बाईची ऐतिहासिक कादंबरी या प्रश्नापाशी सुरू व्हायला हवी होती. ती व्हायला पुढची पाऊणशे वर्षं गेली.

आता एक आक्षेप. आमच्याच गावातल्या एका प्राध्यापकांनी तो घेतला आणि तो अगदी चुकीचा नाही. ते म्हणाले, तुम्ही ज्यांना ऐतिहासिक म्हणता त्या कादंबऱ्या ऐतिहासिक नाहीतच. ‘पडघवली’ १९५५ ची, ‘धग’ १९६० ची, ‘रथचक्र’ १९६२ चं, ‘पाचोळा’ १९७१ चा. लेखकांनी आपल्या डोळ्यांपुढचं किंवा बालपणातलं लिहिलं. खरं आहे. पण वॉल्टर स्कॉटनं १८१४ साली ‘वेव्हर्ली’ काढली तेव्हा तिच्या उपशीर्षकातच साठ वर्षांपूर्वीची गोष्ट असं सांगितलं होतं. साठ वर्षं म्हणजे आजीच्या आठवणीची हद्द. त्या हिशोबानं ‘धग’ लिहिताना आजची होती, आता ती हद्द ओलांडून गेली आहे. आमच्या शनिवारच्या बैठकीत बारावीला असलेली एक मुलगी आजीबरोबर येते. तिनं पहिल्या दिवशी विचारलं, उतरंड म्हणजे काय? मग कणगी, जातं, निंदण, बलुतं. ज्या पुस्तकातला दर चौथा शब्द समजावून द्यावा लागतो ते ऐतिहासिक झालं असं मी समजते. प्राध्यापकांना हे पटलं नाही. त्यांनी या पुस्तकासाठी देणगी मात्र दिली.

उतरंड म्हणजे काय हे त्या मुलीला सांगताना माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी कधी बोलले नव्हते. माझ्या मायची उतरंड सात मडक्यांची होती. सगळ्यात वर मीठ-मिरचीचं लहान मडकं, खाली उतरत मोठी मोठी. तळच्या मडक्यात हुलगे, आणि हुलग्यांच्या खाली फडक्यात बांधलेले पैसे. ते काढायचे तर वरची सहाच्या सहा उतरवावी लागत. बापाला किंवा काकाला गुपचूप हात घालणं शक्य नव्हतं, एवढी मडकी आवाज न करता उतरवणारा पुरुष आमच्या घराण्यात जन्मला नाही. घरातल्या सगळ्या रोख पैशाचा हिशोब बापाच्या तोंडी असायचा, पण सावकाराचा माणूस दारात आला, लेकराला ताप चढला, की बाप मायच्या तोंडाकडे बघायचा. तळच्या मडक्यात नेमकं किती आहे ते तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

या कादंबऱ्यांचं वाचकाला वेड लागतं ते याच गोष्टीचं, असं मला काउंटरवर बसून वाटत आलं. धीर, जिद्द, त्याग हे शब्द आपण वरून चिकटवतो. आतून वाचक हिशोब वाचत असतो. किती दाणे उरले, किती दिवस काढायचे, कोण उपाशी झोपेल, कुणाचं पोट भरलं म्हणजे उद्या कामाला माणूस मिळेल. राजाच्या कादंबरीत खजिना लुटून आणता येतो. ‘धग’मधल्या कौतिकला चार पैसे आणायचे तर त्या चार पैशांसाठीच चार वाटा शोधाव्या लागतात आणि त्यातल्या तीन बंद होतात. लढाईत काय होणार हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. कौतिकचा आठवडा कसा निघणार हे ठाऊक नसतं, आणि म्हणून पान उलटलं जातं.

‘धग’बद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण या पुस्तकातली सर्वांत जास्त टिपणं तिच्यावर आहेत. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी वऱ्हाडातली, वऱ्हाडी बोलीतली. कौतिकचा नवरा महादेव शिंप्याच्या घरचा, आणि कामाला अंग चोरणारा. गंमत अशी की पुढे दशकभरानं रा. रं. बोराड्यांनी मराठवाड्याच्या बोलीत ‘पाचोळा’ लिहिली तीही शिंप्याच्याच घराची, आणि ती तर बायकोच्याच तोंडून सांगितलेली. आमच्या शिवणाच्या दुकानवालीनं हे सगळ्यांत आधी हेरलं. तिच्या टिपणात ती म्हणते की शेतकऱ्याच्या कादंबरीत निदान जमीन असते, पडीक का असेना, आशेला जागा असते. शिंप्याच्या घरात फक्त हात आणि दुसऱ्याचं कापड. गावानं शिवायला टाकलं तर चूल, नाही टाकलं तर नाही. गावाशी बिघडलं की बाईला गावात तोंड लपवायलाही बांध नसतो. ग्रामीण कादंबरी म्हणजे काळी माती असं आपण सरसकट बोलतो, त्याला हे उत्तर आहे आणि ते मी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही.

‘धग’चा शेवट ज्यांना माहीत नाही त्यांनी ही ओळ सोडून पुढे जावं. कौतिकला अखेर वेड लागतं. एवढं राबून, एवढं सोसून, तिच्या पदरात काही पडत नाही. बैठकीत त्या दिवशी बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, बरं झालं लेखक खोटं बोलला नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं. अलीकडे येणाऱ्या पुष्कळ कादंबऱ्यांत बाई सोसते, सोसते आणि शेवटच्या प्रकरणात तिचा मुलगा कलेक्टर होतो. वाचकाला डोळे पुसून पुस्तक मिटता यावं म्हणून केलेली ही सोय आहे. मुखपृष्ठावर नऊवारीतली, डोक्यावर घागर घेतलेली, मावळतीकडे बघणारी बाई. मलपृष्ठावर ‘कणखर’ हा शब्द. मी नोकरीत असताना हा शब्द असलेली पुस्तकं मनातल्या मनात वेगळी काढायचे. बाईला कणखर म्हटलं की तिला त्या अवस्थेत कुणी ठेवलं हा प्रश्न आपोआप विरून जातो. आमच्या बैठकीत या शब्दावर अघोषित बंदी आहे, टिपणांत तो कुठे सापडला तर तो माझ्या नजरेतून निसटला असं समजावं.

श्री. ना. पेंडशांच्या ‘रथचक्र’ची गोष्ट निराळी. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तिचं नाटक झालं, ती फळीवर मानानं बसली. कोकणातलं एकत्र कुटुंब, घर सोडून गेलेला नवरा, आणि मुलांच्या शिक्षणासाठी धडपडणारी आई. तिला लेखकानं नाव दिलेलं नाही. पुरुष वाचक याला मोठी कलात्मक खेळी म्हणतात. आमच्या बायांना त्यात कला वगैरे काही दिसली नाही. एकीनं सांगितलं, माझ्या सासूचं नाव मला तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर कळलं. तोवर ती ‘अमक्याची आई’ होती, रेशनकार्डावर ‘पत्नी’ होती. या टिपणाला मी शीर्षकही द्यायला नको होतं असं आता वाटतं.

गो. नी. दांडेकरांच्या ‘पडघवली’वर मात्र बैठकीत भांडण झालं. अंबावहिनी या खोताच्या घरच्या सुनेनं सांगितलेली, ओस पडत जाणाऱ्या कोकणातल्या गावाची ही कहाणी. भाषा इतकी देखणी की मोठ्यानं वाचावीशी वाटते. अर्ध्या जणी अंबावहिनीसाठी रडल्या. उरलेल्यांतली एक म्हणाली, खोताची सून रडली ते लिहून ठेवलं, खोताच्या कुळाची सून त्याच गावात होती, ती कुठे आहे? खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं, आणि खोतवाड्याचं दुःख कादंबरीत आलं पुढच्या पाच-सहा वर्षांत. कुळाच्या बाईला एवढ्या लवकर लेखक मिळाला नाही. दोन्ही बाजूंची टिपणं मी शेजारी शेजारी छापली आहेत. माझं स्वतःचं मत विचाराल तर अंबावहिनी खोटी नाही, पण ती गावातलं एकच घर आहे.

दुसरी घरं शोधत आम्ही अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’कडे गेलो. १९५९ ची, वारणेच्या खोऱ्यातली. सगळे त्यातल्या फकिराला वाचतात, आम्ही त्याच्या आईला, राधेला, वाचलं. आणि मग नाइलाजानं कादंबरीचं कुंपण ओलांडून बेबी कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’कडे गेलो. ते आत्मकथन आहे, आमच्या नियमात बसत नव्हतं. पण नियम मोडण्याचं कारण पुस्तकाइतकंच मोठं आहे. बेबीताई फलटणला नवऱ्याच्या किराणा दुकानात बसायच्या. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीचे तुकडे वाचत त्यांचं वाचन वाढलं, आणि दुकानात बसल्या बसल्या त्या लिहीत गेल्या, ते लिहिलेलं घरातल्यांपासून कित्येक वर्षं लपवून ठेवलं. १९८२ च्या सुमारास ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं, १९८६ ला पुस्तक झालं. किराणाच्या कागदावरून साहित्य उभं राहतं हे मला माझ्या त्या चोरलेल्या यादीमुळे जरा जास्तच जवळचं वाटतं.

लिहिता न येणाऱ्या बायांनी काही मागे ठेवलं नाही असं समजू नये. जात्यावरच्या ओव्या आहेतच. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या. पण ओवीत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, सासुरवास आहे. पायलीभर ज्वारीत सात जणांनी आठवडा कसा काढला हे ओवी सहसा सांगत नाही, ते दळताना बाईला ठाऊकच असतं. कादंबरीला ते सांगावं लागतं, कारण कादंबरी परक्याला सांगितलेली असते.

अशा कादंबऱ्यांचं वेड फक्त आपल्याकडचं आहे अशी माझी समजूत होती. एका सदस्य बाईंच्या मुलीनं अमेरिकेतून दोन-तीन पुस्तकं धाडली तेव्हा ती समजूत गेली. तिकडे १९३० च्या दशकातल्या मंदीवर आणि धुळीच्या वादळांवर कादंबऱ्यांची रीघ लागली आहे. क्रिस्टिन हॅनाची ‘द फोर विंड्स’ २०२१ ची. टेक्ससमधली शेती धुळीनं गिळली म्हणून एक आई दोन मुलांना घेऊन कॅलिफोर्नियात जाते आणि तिथे कापूस वेचते, वजनावर. पऱ्हाटीत बोटं फाडून घेतलेल्या आमच्या दोघींना त्या बाईची ओळख करून द्यावी लागली नाही. मला स्वतःला जास्त भुरळ पडली ती केंटकीच्या डोंगरातल्या घोड्यावरच्या ग्रंथपाल बायांची. १९३५ ते १९४३ या काळात सरकारी रोजगार योजनेतून महिना २८ डॉलरवर त्या घोड्या-खेचरांवर पुस्तकं लादून ओढ्यानाल्यांतून झोपड्या-झोपड्यांपर्यंत जायच्या. पुस्तकं कमी पडायची म्हणून पाककृती आणि गोधड्यांचे नमुने कापून, चिकटवून त्या स्वतःच वह्या तयार करायच्या आणि त्याही फिरवायच्या. २०१९ या एकाच वर्षी त्यांच्यावर दोन कादंबऱ्या आल्या, किम मिशेल रिचर्डसनची आणि जोजो मोयेसची. दुष्काळी काम म्हणून पुस्तकं वाटणं! आमच्याकडे दुष्काळी काम म्हणजे खडी.

खडीवरूनच शेवटाकडे येते. १९७२ च्या दुष्काळात मी पाच वर्षांची होते. पाझर तलावाच्या कामावर माय जायची, मला आणि धाकट्याला घेऊन. धाकटा बाभळीला बांधलेल्या झोळीत. माझं काम झोळी हलवायची आणि ऊन सरकलं की मायला हाक मारायची. खडी फोडताना चिपा उडू नयेत म्हणून बाया सायकलच्या जुन्या टायरचं कडं करून त्यात दगड धरायच्या. दुपारी सुकडी मिळायची. ती मला फार आवडायची, हे आज सांगायला संकोच वाटतो. घरी मिलोची भाकर. ती लाल ज्वारी अमेरिकेतून आलेली, भाकर थापताना काठ फाटायचे आणि गार झाली की तुटायची. माय म्हणायची, ‘ह्या भाकरीला माया न्हाई.’ मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती, त्यांत बाया फार मोठ्या संख्येनं होत्या. त्याच दुष्काळातून वि. स. पागे यांच्या पुढाकारानं रोजगार हमी उभी राहिली आणि तिचा कायदा १९७७ ला झाला. बाईला आणि पुरुषाला एकच दर. टेंपलच्या एक पौंडाला त्या साली बरोबर शंभर वर्षं झाली होती.

या सगळ्यावर एक मोठी कादंबरी हवी होती. दुष्काळावरच्या कथा मी पुष्कळ वाचल्या आणि त्यांतल्या काही विसरता येत नाहीत. पण टायरच्या कड्यात दगड धरून बसलेल्या बाईच्या जागेवरून सगळं बघणारी, मस्टर, मुकादम, सुकडी, मिलो आणि तळचं मडकं एकत्र बांधणारी कादंबरी माझं समाधान होईल अशी मला अजून भेटलेली नाही. कुणाला भेटली असेल तर मी ती वाचायला आतुर आहे.

पुस्तकाविषयी दोन गोष्टी सांगून टाकते. टिपणांची भाषा जशी आली तशी ठेवली आहे. सुरुवातीला मी एका टिपणातलं ‘व्हतं’ काढून ‘होतं’ केलं, ‘म्या’चं ‘मी’ केलं. ज्या बाईचं ते टिपण, त्यांनी मुद्रितं वाचली आणि कागद माझ्या हातातून काढून घेतला. ‘ताई, हे दुसरीनं लिव्हलंय,’ एवढंच म्हणाल्या. ते टिपण मिळवायला मला त्यांच्या घरी तीन खेपा घालाव्या लागल्या. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटची शब्दांची यादी. ती बारावीतल्या त्या मुलीनं केली आहे. तिला जे शब्द अडले तेवढेच त्यात आहेत, आणि अर्थ तिनं आजीला विचारून लिहिले आहेत. त्यामुळे कोशात मिळणार नाहीत असे काही अर्थ तिथे सापडतील.

आता तुमच्याकडे एक मागणं. १९७२ ला ज्या पंचवीस-तीस वर्षांच्या होत्या त्या आज ऐंशीच्या आगेमागे आहेत. तुमच्या घरात, गल्लीत, मळ्यात अशी कुणी असेल तर हे पुस्तक पुढे वाचायच्या आधी तिच्याजवळ जाऊन बसा. दुष्काळ कसा होता असं विचारू नका, ‘लई वंगाळ’ एवढंच उत्तर मिळेल. मस्टरवर अंगठा तिचा होता की नवऱ्याचा ते विचारा. हप्त्याचे पैसे कुणाच्या हातात पडायचे ते विचारा. मिलो कशात कालवून खाल्ली, आणि उतरंडीत तळाला काय होतं ते विचारा. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, ‘व्हतं’ला ‘व्हतं’ ठेवून, लिहून घ्या आणि तुमच्या गावच्या वाचनालयात नेऊन द्या. कागद कसला का असेना, किराणाच्या यादीची मागची बाजूही चालेल.